पांढरी चकती

मार्क्वेट, मिशिगन
११ मार्च १९८५

मिसेस डेल्व्हो,

मी आयली कांगास. मिलवॉकीच्या हॉस्पिटलात तुमच्या शेजारच्या खाटेवर होते ती. तुम्हाला ऑपरेशनला आत नेलं, आणि तुम्ही परत यायच्या आत मी कपडे घालून निघून गेले. सांगून जायला हवं होतं, पण थांबले असते तर कोणीतरी समजूत घातली असती आणि मी पुन्हा खाटेवर जाऊन पडले असते.

झालं ते असं. आदल्या संध्याकाळी डॉ. हॅस्कलनी आपल्या दोघींना ती चकती दाखवली होती. पांढरी, गुळगुळीत, जाड पुठ्ठ्यासारखी. आपल्या जबड्याच्या सांध्यातली मूळची चकती काढायची आणि तिच्या जागी ही बसवायची. मी विचारलं, ही किती वर्षं टिकते? ते फाईल मिटता मिटता म्हणाले, "तुमच्यापेक्षा जास्त." तुम्ही हसलात. मला रात्रभर ते वाक्य सोडेना. सकाळी तुमची खाट ढकलत नेली तेव्हा मी उठले, कोट घातला आणि खाली जाऊन रेनोला गाडी काढायला सांगितली. माझा नवरा मुळातच कमी बोलतो. सगळ्या वाटेत तो एकदाच बोलला, पेट्रोल घ्यायला हवं म्हणून.

माझं तोंड अजून दीड बोटच उघडतं. चमच्याने खाते. तुमचं कसं झालं ते जमेल तेव्हा कळवा. फोन मुद्दाम केला नाही. तुम्हाला बोलायला त्रास होत असेल, आणि फोनवर बोललं की मलाही कानापर्यंत ठणकतं.

आपली,
आयली कांगास


ग्रीन बे, विस्कॉन्सिन
२ एप्रिल १९८५

आयली,

पहिलं म्हणजे हे अहो-जाहो बंद कर. पाठ उघडी टाकणारे ते हॉस्पिटलचे झगे घालून आपण तीन दिवस एका खोलीत वावरलो, त्यानंतर कसली आली मिसेस डेल्व्हो? मला सगळे बर्नी म्हणतात.

दुसरं म्हणजे, तू पळपुटी आहेस. शुद्धीवर आले तर शेजारची खाट रिकामी. मला वाटलं ही ऑपरेशनमध्येच गेली. नर्सला खुणेने विचारलं, तर ती म्हणाली, "त्या घरी गेल्या." हसू आलं, पण हसता येईना. कानांपुढे दोन्ही बाजूंना टाके होते आणि तोंड भोपळ्याएवढं सुजलेलं.

आता ऐक आणि जळ. माझी तीन बोटं आत जातात. गेल्या रविवारी मी अख्खं सफरचंद चावून खाल्लं, आणि कोलेट, माझी मुलगी, समोर बसून टाळ्या वाजवत होती. शेरिफच्या ऑफिसात पुन्हा वायरलेसवर बसले आहे. दिवसभर पोलिसांच्या गाड्यांना पत्ते सांगायचे, अपघात कुठे, आग कुठे, कोणाची गाय रस्त्यावर आली. जबडा अडकायचा तेव्हा पोरं म्हणायची, बर्नीबाई, तोंडात चिंध्या कोंबल्यात का? आता म्हणतात, जरा दम घ्या.

हॅस्कलने तुझी चौकशी केली. यादीत तुझं नाव अजून आहे म्हणाला. ये परत. नाहीतर मरेपर्यंत सूप पीत बस.

बर्नी


मार्क्वेट
२० जुलै १९८५

प्रिय बर्नी,

तुझं पत्र रेनोला वाचून दाखवलं. सूपचं ऐकून तो हसला. हे वर्षातून एखाद्या वेळी घडतं.

मिलवॉकीला येणार नाही. इथे डॉ. प्राउटी म्हणून दातांचे डॉक्टर आहेत. उंच, वाकलेले, खोलीत येताना दरवाजाला कपाळ आपटून घेणारे. त्यांनी माझ्या जबड्याला हात लावायच्या आधी बराच वेळ नुसते प्रश्न विचारले. दुखतं कधी, सकाळी की संध्याकाळी? आधी कट्कन आवाज यायचा का? तो बंद कधी झाला? मी म्हटलं, जानेवारीत आवाज थांबला आणि त्याच दिवसापासून तोंड उघडेना. ते म्हणाले, बरोबर. तोंड उघडताना चकतीने जबड्याच्या हाडाबरोबर पुढे सरकायचं असतं. तुमची आधीच घसरून पुढे गेली होती. हाड उडी मारून तिच्यावर चढायचं, तो तुमचा आवाज. आता चढता येत नाही, म्हणून आवाज नाही आणि तोंडही नाही.

मग त्यांनी विचारलं, तुमचे वरचे-खालचे दात एकमेकांना कधी टेकतात? मी म्हटलं, नेहमीच, दात आहेत ते कशाला? ते म्हणाले, चावताना आणि गिळताना, बस. एरवी ओठ मिटलेले आणि दात सुटे असायला हवेत. मला खरं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या बेकरीत लक्ष ठेवलं. कणीक मळताना माझ्या दाढा आवळलेल्या, पेस्ट्यांमध्ये, म्हणजे इथल्या खाणकामगारांच्या त्या जाड करंज्यांमध्ये, खिमा भरताना आवळलेल्या. दुपारपाळी संपवून खाणीतून परतणाऱ्या रेनोच्या गाडीचा आवाज येईपर्यंत आवळलेल्या. हे मी किती वर्षं करत होते कोणास ठाऊक.

आता रात्री वरच्या दातांवर प्लास्टिकचं कवच घालून झोपते. सकाळ-संध्याकाळ गरम टॉवेलचा शेक. मग आरशासमोर बसून जिभेचं टोक टाळूला लावायचं आणि तोंड सावकाश उघडायचं, जबडा डावीकडे पळू द्यायचा नाही. फार कंटाळवाणं आहे. दोन महिन्यांत फरक पडला तो एवढाच, की दुखणं कमी झालं. तोंड आहे तेवढंच उघडतं. प्राउटी म्हणतात, घाई नको. त्यांना काय, पेस्टी त्यांना खाता येते.

तुझी,
आयली


ग्रीन बे
६ जानेवारी १९८६

प्रिय आयली,

नाताळात चर्चमध्ये एकटीने गायले. वरच्या पट्टीतलं, तोंड आ वासून. माझा नवरा नॉर्बर्ट गेल्यापासून गायलेच नव्हते. लोक नंतर हात मिळवायला आले आणि फादरनी सगळ्यांसमोर विचारलं की इतकी वर्षं हे कुठे लपवलं होतंस. मी म्हटलं, जबड्यात.

आणि तू अजून आरशासमोर बसून जीभ टाळूला लावतेयस. रागावू नकोस, पण कोलेटला मी तुझं पत्र वाचून दाखवलं आणि आम्ही दोघींनी करून पाहिलं. पाच मिनिटांत तिला हसू आवरेना.

कोलेटचं काय ते लिहिते. येत्या सप्टेंबरात ती तुझ्या गावच्या कॉलेजात येते आहे, शिक्षिका व्हायचं म्हणते. तिचाही जबडा वाजतो. जेवताना टक् टक्. माझीही सुरुवात अशीच झाली होती. मी तिला वर्षानुवर्षं वाट बघायला लावणार नाही. हॅस्कलला दाखवते.

तुझी किती बोटं जातात आता?

बर्नी


मार्क्वेट
९ नोव्हेंबर १९८६

प्रिय बर्नी,

तुझी मुलगी काल बेकरीत आली. दारातूनच ओरडली, "पळपुट्या काकू कोण?" गिऱ्हाइकं बघायला लागली. मी हात वर केला.

चांगली मुलगी आहे. तिने दोन पेस्ट्या खाल्ल्या आणि खाताना तिचा जबडा वाजला तो मला ऐकू आला. मी विचारलं, दुखतं का? म्हणाली, नाही, फक्त परीक्षेच्या दिवसांत थोडं. अडकतं का? कधीच नाही. तिने तोंड उघडून दाखवलं, आणि मी बघत राहिले. असं तोंड माझं लग्नाच्या वेळीही उघडत नसेल.

माझं बरं चाललं आहे.

तुझी,
आयली


ग्रीन बे
१५ एप्रिल १९८७

आयली,

कोलेटची तारीख ठरली. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, कॉलेज सुरू व्हायच्या आधी. हॅस्कलने फोटो काढले आणि म्हणाला, आत्ताच केलं तर पुढचा सगळा त्रास वाचेल. दोन्ही बाजूंच्या चकत्या बदलायच्या, माझ्यासारख्याच. ती थोडी घाबरली आहे. ती तुझ्याकडे येत असते, तिला चार धीराचे शब्द सांग. पळून जायचं मात्र शिकवू नकोस.

बर्नी


मार्क्वेट
२७ एप्रिल १९८७

प्रिय बर्नी,

हे पत्र लिहू की नको याचा मी पुष्कळ विचार केला.

कोलेटला मी डॉ. प्राउटींकडे घेऊन गेले. तुला न विचारता, हे मला माहीत आहे. ती स्वतःहून आली, पण सुचवलं मीच. त्यांनी तिचा जबडा हाताने चाचपला, कानाजवळ ऐकला, उघडमिट करायला लावली. मग म्हणाले, नुसता आवाज हा आजार नाही. असे जबडे वाजणारी माणसं गावात शेकड्यांनी आहेत. बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. दुखत नाही, अडकत नाही, तोंड पूर्ण उघडतं, तर आत सुरी घालण्याचं कारण नाही. परीक्षेत दुखतं कारण ती दात आवळते. तेवढं सोडायला शिकवलं की झालं.

मी डॉक्टर नाही. पण ती वीस वर्षांची आहे, आणि काढलेली चकती परत बसवता येत नाही. अजून कोणालातरी दाखव, एवढंच म्हणते.

तुझी,
आयली


ग्रीन बे
४ मे १९८७

आयली,

माझ्या मुलीच्या तोंडात काय करायचं ते मी ठरवीन. तुला मुलं नाहीत, म्हणून तुला हे कळणं कठीण आहे. तू भ्यालीस ते भ्यालीस, आता इतरांना भिववत फिरू नकोस. दोन वर्षं मी चावून खाते आहे, गाते आहे, आणि तू अजून टॉवेलने शेकत बसली आहेस. कोणाचं बरोबर निघालं ते दिसतंच आहे.

कोलेटला यापुढे कुठे नेऊ नकोस.

बर्नाडेट डेल्व्हो


मार्क्वेट
१२ ऑक्टोबर १९८७

प्रिय बर्नी,

कोलेट बेकरीत आली होती. ऑपरेशन झालं नाही असं म्हणाली. तू ऐनवेळी रद्द केलंस, कारण तुला रजा मिळाली नाही आणि तिच्याजवळ बसायला दुसरं कोणी नव्हतं. ती तुझ्यावर रागावलेली आहे.

खरं कारण मला माहीत आहे असं वाटतं. माझ्या पत्राचा तुला राग आला, तरी ते तू मनावर घेतलंस. त्याबद्दल आभार मानते. मुलांबद्दल तू जे लिहिलंस ते मी विसरून जाईन. तूही विसर आणि लिही.

आयली


मार्क्वेट
१८ फेब्रुवारी १९९१

बर्नी,

तीन वर्षांहून जास्त झाली. नाताळची कार्डं पाठवली त्यांनाही तुझं उत्तर नाही. तुला राग धरायचा तर धर, असं म्हणून मी गप्प राहिले. दर कार्डाच्या वेळी रेनो म्हणायचा, अजून एक पाठव. मी पाठवायचे आणि नंतर त्याच्यावर चिडायचे.

आज लिहिण्याचं कारण वेगळं आहे. काल डॉ. प्राउटींनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. सरकारने त्या चकत्या मागे घेतल्या आहेत. आतल्या आत त्यांचे कण सुटतात आणि त्या कणांमुळे भोवतालचं हाड झिजतं. ज्यांच्या ज्यांच्या जबड्यात त्या आहेत त्या सगळ्यांनी तपासून घ्यावं, दुखत नसलं तरीही, असं डॉक्टरांना कळवलं आहे. तुला हे कोणी सांगितलं की नाही मला ठाऊक नाही.

तू ठणठणीत असशील आणि हे वाचून मला शिव्या देशील, तर आनंदाने दे. फक्त तपासून घे. आणि एका ओळीने कळव.

आयली


ग्रीन बे
५ मार्च १९९१

प्रिय आयली,

शिव्या देणार नाही. बस आणि शांतपणे वाच, कारण हे मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही.

सत्त्याऐंशीच्या जूनमध्ये सुरू झालं. तुला ते घाणेरडं पत्र पाठवल्यावर महिन्याभराने. आधी सकाळी डोकं धरायचं. मग कानापुढे आत वाळू घासल्यासारखा आवाज. जुलैत एक दिवस कोलेटच्या झग्याला बटण लावत होते. दोरा दातांनी तोडायला गेले तर तुटेना. आरशात पाहिलं. दाढा टेकल्या होत्या, पण पुढचे दात एकमेकांपर्यंत पोचतच नव्हते. मधून दोरा आरपार जात होता.

मी हॅस्कलकडे गेले. त्याने फोटो काढला आणि म्हणाला, सगळं जागच्या जागी आहे, तुम्ही ताण घेता. झोपेच्या गोळ्या दिल्या. ऑगस्टपर्यंत मी त्याच्यावर विश्वास ठेवायचा प्रयत्न केला. तारखेच्या चार दिवस आधी फोन करून कोलेटचं नाव काढून टाकलं. तिला सांगितलं, मला रजा नाही. तिने विचारलं, चार दिवसांचीही नाही? मी म्हटलं, नाही.

तुझ्या पत्रामुळे नव्हे ते. तसं असतं तर तुला लिहिलं असतं. तुझं ऑक्टोबरचं आभाराचं पत्र आलं आणि मला लाज वाटली. उत्तर लिहायचं तर खरं लिहावं लागलं असतं. सफरचंद, गाणं, पळपुटी, सगळं माझ्याच हातचं कागदावर तुझ्याकडे होतं. आणि तू हुशार आहेस. तुझी किती बोटं जातात हे तू शहाऐंशीपासून लिहायचं बंद केलंस, तेव्हाच मी ओळखलं होतं की तू बरी होत आहेस आणि मला वाईट वाटू नये म्हणून सांगत नाहीस. माझं तेव्हा काही बिघडलेलंही नव्हतं. तरी राग आला होता.

आता अशी आहे. एक बोट उघडतं. ब्रेड दुधात भिजवून खाते. वायरलेसवर पोरं पत्ता पुन्हा पुन्हा विचारायला लागली, तेव्हा मीच रेकॉर्डच्या खोलीत बदली मागून घेतली. तिथे कोणाशी बोलावं लागत नाही. कोलेट मिलवॉकीला शाळेत शिकवते, क्वचित येते. आली की मी म्हणते दात दुखतोय.

सरकारची नोटीस मलाही आली. हॅस्कलने दवाखाना बंद केला आहे, म्हणून मिनिआपोलिसला एका नव्या सर्जनबाईंना दाखवलं. त्यांनी नवीन तऱ्हेचे फोटो काढले. जबड्याच्या हाडाचं वरचं टोक दोन्ही बाजूंनी विरघळल्यासारखं झालं आहे. ज्या खोबणीत ते बसतं तिचं छत पातळ झालं आहे, आणि त्या छतापलीकडे मेंदू आहे. त्या म्हणतात, सगळं काढावं लागेल. मेमध्ये.

मी जाणार नाही. एकदा ऐकलं तेवढं पुरे. तू पळालीस आणि तुझं भलं झालं. आता मला पळू दे.

बर्नी


मार्क्वेट
९ मार्च १९९१

प्रिय बर्नी,

तुझं पत्र मिळालं. उभ्याने वाचलं, मग बेकरी बंद केली आणि पुन्हा वाचलं.

मी बरी आहे. अडीच बोटं जातात, थंडीत दोन. जांभई देताना हनुवटीखाली हात धरते. सात-आठ महिने काहीच घडलं नाही आणि मग हळूहळू उघडत गेलं. चकती अजून जागेवर नाहीच, पण तिच्यामागचा भाग तिचं काम करायला शिकला असं प्राउटी म्हणतात. न लिहिण्याचं कारण तू ओळखलंस तेच.

पण तू एक चुकीचं समजतेस. मी शहाणपणाने पळाले नव्हते. मला कशाचीच माहिती नव्हती. ती चकती चांगली निघाली असती तर आज तू गात असतीस आणि मी पळपुटीच असते. मी भ्याले आणि योगायोगाने वाचले. त्यातून शिकण्यासारखं काही नाही. तू आज भिऊन पळालीस तर तसं वाचता येणार नाही, कारण यावेळी जे वाईट आहे ते आत आहे. सुरी बाहेर आहे म्हणून तिचं भय वाटतं, एवढंच.

त्या बाईंना भेटायला पुन्हा जा आणि मी हॅस्कलना विचारायला हवं होतं ते विचार. काढल्यावर त्या जागी काय घालणार? अशी ऑपरेशनं त्यांनी किती केली? त्यातल्या बायका कशा आहेत, त्यांच्यातल्या एखादीशी बोलता येईल का? काय परत येणार नाही? या शेवटच्या प्रश्नाला त्या "सगळं येईल" म्हणाल्या, तर मी स्वतः तुझा कोट धरून उभी राहीन.

मी तुझ्याबरोबर येते. रेनो गाडी चालवेल. मी त्याला सगळं सांगितलं नाही, फक्त मिनिआपोलिस म्हटलं. तो म्हणाला, मेपर्यंत रस्ते साफ होतात.

आयली


ग्रीन बे
२२ एप्रिल १९९१

आयली,

विचारलं. माझ्याच बरगडीचा तुकडा घालणार. अशी थोडीच केली आहेत म्हणाल्या, आणि एका बाईचा फोन नंबर दिला. ती बाई माझ्यासारखीच बोबडं बोलते, आम्हा दोघींना एकमेकींचं निम्मं कळलं. ती म्हणाली, डोकं दुखायचं थांबलं, तेवढ्यासाठीही केलं असतं.

शेवटचा प्रश्नही विचारला. सर्जनबाई म्हणाल्या, गाणं परत येणार नाही. तोंड किती उघडेल सांगता येत नाही. चेहऱ्याची एक शीर सुरीच्या वाटेत आहे, भुवई कदाचित हलणार नाही. आणि काही वर्षांनी पुन्हा करावं लागू शकतं.

मी हो म्हटलं. ७ मे. या.

कोलेटला ऑपरेशनचं कळवलं आहे. ती येणार आहे. सत्त्याऐंशीचं मात्र तिला सांगू नकोस. ती माझ्यावर रागावलेली असलेली मला चालते. मी तिला त्या टेबलावर झोपवायला निघाले होते, हे तिला कळलेलं मला चालणार नाही.

बर्नी


मार्क्वेट
१९ मे १९९१

प्रिय बर्नी,

तू तारांनी तोंड बांधून पडली होतीस, तेव्हा हे बोलायचं नव्हतं. आता घरी आले आहे, तर त्या दिवशी बाहेर काय झालं ते लिहिते. तुला कळायला हवं.

सकाळी सर्जनबाईंनी तुला शेवटचे प्रश्न विचारले तेव्हा कोलेट पायथ्याशी उभी होती. त्यांनी विचारलं, पहिल्यांदा दुखायला कधी लागलं? तू पटकन म्हणालीस, सत्त्याऐंशी, जून. तुला आधीच गुंगीचं औषध दिलेलं होतं, तुझ्या लक्षात आलं नसेल. माझ्या आलं. मी कोलेटकडे पाहिलं नाही.

तुला आत नेल्यावर आम्ही तिघं बाहेर थांबलो. रेनो खिडकीशी उभा राहून गाड्या बघत होता. कोलेट म्हणाली, "माझी तारीख ऑगस्टची होती."

मी म्हटलं, "हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मार्चपासून."

"मी तिला त्या नाताळात म्हणाले होते की लोकांच्या गाई शोधायला तुला वेळ आहे, माझ्याजवळ बसायला नाही. ती टेबल पुसत राहिली. मला वाटलं, तिला उत्तरच नाही."

मी तुला दिलेला शब्द मोडला नाही, पण खोटंही बोलले नाही. ती उठून गेली. मला वाटलं परत येणार नाही. तिने तीन कॉफी आणल्या. रेनोला साखर किती ते न विचारता दोन चमचे घातले. तो एकच घेतो. त्याने पिऊन टाकली.

दुपारनंतर सर्जनबाई बाहेर आल्या. दोन्ही काढल्या म्हणाल्या, अखंड एकही नव्हती. डाव्या भुवईचं काही सांगता येत नाही. कोलेटने विचारलं, बघता येईल का? त्यांनी आतून एक बाटली आणली. तळाशी राखाडी चुरा होता आणि एक दुमडलेला तुकडा. कोलेटने बाटली उजेडात धरली. दुसरा हात तिने स्वतःच्या कानापुढे नेला, आणि लगेच खाली घेतला. मग बाटली परत दिली आणि आभार मानले.

तेव्हापासून तुझ्या खाटेजवळची खुर्ची तिने सोडली नाही, हे तू पाहिलंसच.

सहा आठवड्यांनी तारा काढल्या की सर्जनबाई सांगतील तसे व्यायाम सुरू कर. कंटाळा येईल. तरी कर.

आयली


ग्रीन बे
१४ जानेवारी १९९२

प्रिय आयली,

उशीर झाला. हात ठीक होते, लिहिण्यासारखं काही नव्हतं. आता आहे.

कोलेट सगळा उन्हाळा इथे राहिली. शाळेला सुट्टी होती. तारा होत्या तोवर पिचकारीने गालाच्या फटीतून सूप घालायची. मला बोलता येत नव्हतं. एकदा भांडी धुताना पाठमोरी असतानाच म्हणाली, "मला रजेचं खोटं सांगितलंस ते ठीक आहे. पण चार वर्षं एकटीने दुखणं काढलंस, ते मला आवडलेलं नाही." पाटी माझ्या हातात होती. मी पाटीवर लिहिलं, मलाही नाही. तिने वळून वाचलं आणि कढई घासायला घेतली. सप्टेंबरात ती परत गेली. आता दर रविवारी येते, माझे कपडे आवरते आणि मी आवरलेलं सगळं पुन्हा आवरते.

डोकं दुखत नाही. हे वाक्य मी पुन्हा लिहू शकते, पण तुला कळलं असेल. तोंड दोन बोटांना जरा कमी उघडतं. डावी भुवई वर जात नाही, त्यामुळे मला आश्चर्य वाटलं तर ते अर्धंच दिसतं. शब्द जाड येतात. 'प' आणि 'ब' सांभाळून म्हणावे लागतात. चर्चमध्ये मी आता खाली बाकावर बसते आणि इतरांचं ऐकते. त्याचं वाईट वाटतं. वाटायचं थांबेल असं कोणी सांगितलेलं नाही.

डिसेंबरात मी शेरिफला म्हटलं, मला रेकॉर्डच्या खोलीतून काढा आणि पुन्हा वायरलेसवर बसवा. तो बराच वेळ पेन्सिल फिरवत बसला. मग म्हणाला, एक आठवडा बघू.

दुसऱ्याच दिवशी बर्फाचं वादळ आलं. दुपारी साडेतीनला, शाळा सुटायच्या वेळेला, एका बाईचा फोन आला. मुलांना घेऊन निघालेली तिची गाडी खाडीकडच्या रस्त्यावर खड्ड्यात गेली होती. मी आमच्या सगळ्यात जवळच्या गाडीला वायरलेसवर पुकारलं. नवा पोरगा होता, मला ओळखत नव्हता. मी पत्ता सांगितला. तो म्हणाला, कळलं नाही. मी पुन्हा सांगितला, सावकाश. त्याला पुन्हा कळलं नाही. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने मदतीसाठी हात पुढे केला. मी तिच्याकडे पाहिलं नाही. रस्त्याचं नाव एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, मग वळण, मग शेताच्या मालकाचं नाव.

तो म्हणाला, "कळलं. निघालो."

मग मी त्या बाईला फोनवर सांगितलं की गाडी निघाली आहे, मुलांना जवळ घेऊन बसा, इंजिन बंद करू नका, आणि धूर निघायच्या नळीपाशी बर्फ साचू देऊ नका. तिला माझं सगळं कळलं. गाडी पोचेपर्यंत मी तिच्याशी बोलत होते.

बर्नी